बारकीबाईचं नाव भोंग्यावरून गेलं

अन्याय झाला तो बारकीबाईवर. तलासरीच्या डोंगराकडच्या रूपजीची बायको, बारकीबाई. यंदाच्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, नरपडच्या किनाऱ्यावर, सूर्य पाण्याला टेकलेला असताना, बँडचं तिसरं गाणं संपून चौथं सुरू व्हायच्या मधल्या वेळात माईकवरून सांगण्यात आलं की पाकीट मारणारी बाई सापडली आहे, ती टोपली घेऊन बसणारी बारकी आहे, सर्वांनी आपापले खिसे तपासून घ्यावेत. तिने पाकीट मारलेलं नव्हतं. कार्यक्रम संपायच्या आत खरा चोर सापडला. ते मात्र माईकवरून कोणीच सांगितलं नाही.

संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. "तू गर्दीत काम करतेस, चोराचिलटांच्या गमतीजमती लिही. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं येऊ दे." गमती आहेत, त्याही लिहिते. पण मी पत्रकं लिहून लिहायला शिकलेली मुलगी आहे. अन्याय कोणावर झाला, कधी झाला, कोणी केला आणि मागणी काय, एवढं एका पानात बसलं पाहिजे असं आमच्या युवक संघटनेत शिकवत. त्यामुळे पहिलं वाक्य मला दुसरं सुचतच नाही.

मी डहाणूची, वडील रेल्वेत. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कॉलेजात असताना संघटनेत शिरले. रॉकेलच्या रांगा, दवाखान्यातला डॉक्टर, बसथांबा, सगळ्यावर पत्रकं काढली. गर्दीचं काम त्यातूनच आलं. एका ऑर्केस्ट्राच्या वेळी पाकीटमारांनी निम्मं गाव धुऊन नेलं, म्हणून आम्ही 'पाकीट सांभाळा' असं पत्रक काढून पुढच्या कार्यक्रमाला वाटत उभे राहिलो. त्या दिवशी चोऱ्या कमी झाल्या. आयोजकांना वाटलं, पोरं कामाची आहेत. मग जत्रा, नाटक, ऑर्केस्ट्रा, जिथे माणूस जमेल तिथे आम्हाला बोलावणी येऊ लागली. संध्याकाळचा भत्ता, वडापाव आणि दंडाला पिवळी फीत. आई अजून विचारते, "ही नोकरी आहे का गं?" मी म्हणते, नोकरीत जितकी बोलणी खायची असतात तितकी इथे मिळतात, म्हणजे नोकरीच.

आता रेगे. हा शब्द नरपडमध्ये आणला तो अरुणभाईंनी. त्यांची चिकूची वाडी आहे, स्वभाव हौशी. दर हिवाळ्यात मुंबईचा एक बँड ते किनाऱ्यावर आणत. रेगे म्हणजे काय, हे तिथे न आलेल्यांना सांगते. आपल्या ऑर्केस्ट्रात जिथे ठोका जोरात पडतो तिथे हे लोक जवळजवळ गप्प असतात आणि मधल्या रिकाम्या जागेत गिटार छेडतात. त्यामुळे माणूस उड्या मारत नाही. डोलतो. धाकट्या डहाणूच्या कोळणी त्याला सरळ 'डोलायचा कार्यक्रम' म्हणायच्या. "चल गो, डोलायला जाऊ."

हे डोलणंच आमच्या कामाच्या मुळावर आलं. ऑर्केस्ट्राला लोक उड्या मारतात, शिट्ट्या फुंकतात. पाकीटमाराचा हात खिशात असताना कोण कुठून आदळेल याचा नेम नसतो. रेगेला अख्खी गर्दी एकाच बाजूला झुकते, मग दुसऱ्या बाजूला झुकते. तुमचा खांदा शेजाऱ्याला लागतो, त्याचा तुम्हाला, आणि कोणाला काही वाटत नाही. वर डोळे मिटलेले. पाकीटमाराला याहून काय हवं? बहुतेक तिघं असतात. एक झुकताना तुमच्यावर जरा जास्त झुकतो. दुसरा काढतो. तिसरा लगेच घेऊन सरकतो, म्हणजे दुसऱ्याला धरलं तरी त्याच्याकडे काही सापडत नाही. आणि हे लक्षात ठेवा, तिसरा माणूस पाकीट जवळ ठेवत नाही. नोटा काढतो आणि रिकामं पाकीट जी पहिली जागा दिसेल तिथे टाकतो. वाळूत टाकलं तर कोणाच्या तरी पायाखाली येऊन बोंब होते. म्हणून कोणाची पिशवी, सायकलची टोपली, फेरीवालीची पाटी. सहसा फेरीवालीचीच. का, ते तुम्हाला माहीत आहे.

आमची पत्रकं साधी होती. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. पुढच्या खिशात ठेवा आणि त्या बाजूला ओळखीचा माणूस उभा करा. डोळे मिटायचेच असतील तर दोघांनी पाळीपाळीने मिटा. हे शेवटचं मी लिहिलं, आणि त्यावरून अजून माझी चेष्टा होते. माझा सहकारी हरेश, घरी गुजराती, बाहेर मराठी आणि भांडताना हिंदी बोलणारा, तो तर प्रत्येक जोडप्याला जाऊन विचारायचा, "आता कोणाची पाळी?"

सल्ला फार मनावर घेणारेही भेटले. एका गुरुजींनी आमचं पत्रक वाचून पुढच्या खेपेला खिशाला आडव्या-उभ्या सेफ्टी पिना लावल्या. तिकिटाच्या खिडकीशी आले आणि पिना निघेनात. मागे रांग वाढत गेली. हरेश म्हणाला, "गुरुजी, चोराला घेऊन येतो, तो काढून देईल." गुरुजी इतके हसले की पिन टोचली. शेवटी गुरुजींच्या बायकोने स्वतःच्या पर्समधून पैसे देऊन तिकीट काढलं. ती पर्स उघडीच खांद्याला लटकत होती.

दुसरा होता अच्छाडच्या नाक्यावर गाडी लावून येणारा एक ट्रक ड्रायव्हर. हा पैसे डब्यात ठेवायचा, तळाला, वर ठेपले. डबा छातीशी धरून डोलायचा. मी म्हटलं, "भाऊ, डबा खाली ठेवा, हात मोकळे करा." तो म्हणाला, "बेन, हायवेवर माझी ताडपत्री कापली, बॅटरी काढली, एकदा तर चालू गाडीतून साखरेचं पोतं गेलं. पण ठेपल्याला आजवर कोणी हात लावला नाही." त्याच्या डब्याला खरंच कधी काही झालं नाही. पत्रकात घालण्यासारखी युक्ती, पण नोटांना लोणच्याचा वास येतो असं पेट्रोलपंपवाला म्हणायचा.

पाकीटमारापेक्षा वाईट ते वाट अडवणारे. किनारा आणि रस्ता यांच्यामध्ये सुरूचं बन आहे, त्यातून पायवाट. कार्यक्रमाहून निघालेला माणूस तिथे गाठायचा. समोरून एक जण येतो, "माचिस आहे का?" तुम्ही थांबता, खिसा चाचपता, तेवढ्यात मागून दुसरा. घड्याळ, साखळी, असेल ते. चाकू दाखवतात, बहुधा चालवत नाहीत, पण हे समोर चाकू असताना कोणाला आठवत नाही. एका नर्सबाईंनी मात्र माचिस मागणाऱ्याला विचारलं, "विडी कुठाय तुझी?" त्याच्याकडे विडी नव्हतीच. तो गोंधळला आणि बाई ओरडत किनाऱ्याकडे परत धावल्या. तेव्हापासून आमच्या पत्रकात आलं: माचिस मागितली तर थांबू नका, बोलत बोलत मागे फिरा.

बनातून बाहेर काढायची रीत मात्र आम्ही तलासरीकडून आलेल्या पोरांकडून उचलली. ती बँडच्या तालावर आपल्या सवयीनेच नाचायची, एकमेकांच्या कमरेला हात घालून, साखळी करून. त्या साखळीतल्या कोणाचं कधी काही गेलं नाही. जाणार कसं? प्रत्येकाचे दोन्ही हात कुठे आहेत ते शेजाऱ्याला माहीत, आणि मध्ये शिरायला फट नाही. आम्ही घरी निघणाऱ्यांच्या अशाच साखळ्या करून बनातून सोडायला लागलो. साहेबलोक आधी लाजायचे. नंतर स्वतःहून विचारायचे, "पुढची साखळी कधी निघते?"

बारकीबाई या कार्यक्रमांना पहिल्यापासून यायची. उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, आणि शेंगा, टोपलीवर सागाची पानं झाकलेली. स्टेशनाबाहेरही बसते, म्हणून अरुणभाईंना ती नावानिशी माहीत. ती सगळ्यांना 'तू' म्हणते, तिच्या बोलीत दुसरं नाहीच. मला 'बाय' म्हणते, आणि 'मला'च्या जागी 'माना'. पण तिची खरी ओळख ती नव्हे. तिच्या मुलुखात ती धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी गाणी म्हणते आणि तीच लग्न लावते. तिने देवाचं नाव घेतल्याशिवाय नवरानवरी उठत नाहीत. बारकीबाईला चार डोंगरांपलीकडून बोलावणी यायची. बँडचं गाणं ऐकताना ती एकदा मला म्हणाली होती, "हा पोरगा गातो बरा, पण दम खातो लवकर. माना रातभर गायचं असतं."

त्या शनिवारी मी बनाच्या तोंडाशी होते, साखळ्या सोडत. पुढे काय झालं ते तिथे असलेल्यांनी सांगितलं. सरकारी कचेरीतला एक कारकून खुर्च्यांच्या रांगेतून "माझं पाकीट, माझं पाकीट" करत उठला. कोणीतरी टोपलीकडे बोट दाखवलं. दोघातिघांनी टोपली वाळूत उपडी केली. पानांखालून रिकामं पाकीट निघालं. करांदे वाळूत, शेंगा वाळूत. बारकीबाई म्हणाली, "माना नाय माहीत, मी नाय घेतला," आणि तिचं तेवढंच ऐकलं गेलं. अरुणभाईंनी माईक घेतला आणि ते सांगितलं.

मी आवाज ऐकून धावत आले तेव्हा चौथं गाणं सुरू झालेलं. बारकीबाई वाळूत बसून करांदे वेचत होती आणि लोक तिच्या भोवतीची जागा सोडून डोलत होते.

पाचव्या गाण्याला हरेशने बनाच्या वाटेवर एकाला हटकलं. आमचा एक नियम आहे, कार्यक्रम रंगात आलेला असताना जो एकटाच घरी निघतो त्याच्याशी गप्पा मारायच्या. हरेशने विचारलं, "काय भाऊ, गाणं आवडलं नाय?"

"पोट दुखतंय."

"मग गाण्याचा ताल धरून का चाललास?"

बंदोबस्ताच्या हवालदाराने झडती घेत त्याचा मोजा उतरवला. त्यात नोटांची घडी, आणि घडीत अडकून आलेला शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो. कारकुनाची मुलगी. त्यांनी तिथल्या तिथे ओळखला. हवालदाराने विचारलं, "पाकीट त्या बाईच्या टोपलीत कोणी टाकलं?" तो चोर जरा वैतागूनच म्हणाला, "रिकामं पाकीट जवळ कोण ठेवतं साहेब? टोपली दिसली, टाकलं." त्याने जे बोलायला मागेपुढे पाहिलं नाही, ते आमच्या सभ्य माणसांना आजवर बोलता आलेलं नाही.

मी अरुणभाईंकडे गेले. "माईकवर सांगा. बारकीबाई चोर नाही, खरा चोर मिळाला."

"जो वैजूबेन, बघ जरा," ते मला म्हणाले, "आत्ता लोक मस्त डोलतायत. पुन्हा चोरीची गोष्ट काढली तर मूड जाईल. बाईचा माल सगळा मी घेतो, डबल भावाने. खूश?"

बारकीबाई खूश झाली नाही. "माना पैसा नको. भोंग्यावर बोललास, भोंग्यावर परत घे."

"अगं बाई, सोडून दिलं ना तुला?"

"तू माना धरलंस कधी सोडायला? नाव धरलंस. नाव सोड."

मी कारकुनाकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी माईकवर चला. ते म्हणाले, "मी तिला चोर म्हटलंच नाही. मी फक्त माझं पाकीट म्हणालो." सौ. म्हणाल्या, "झालं ते झालं, फोटो मिळाला हीच देवाची कृपा." शेवटी मी स्टेजमागे जाऊन गाणाऱ्या मुलाला गाठलं. भला मुलगा. त्याने मन लावून ऐकलं, मराठी निम्मं कळलं असावं, आणि माईकवर जाऊन म्हणाला, "ये गाना उस टोकरीवाली मौसी के लिए!" टाळ्या पडल्या. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "तीच ती, पाकीटवाली." म्हणजे ज्यांनी आधी तिला नीट पाहिलं नव्हतं त्यांनाही आता चेहरा पाठ झाला. मी स्वतः स्टेजवर चढायला गेले, तर अरुणभाईंच्या माणसांनी मला खांद्याला धरून खाली आणलं, "ताई, प्रोग्राम खराब करू नका." पिवळी फीत मी तिथेच काढून टाकली.

चैत्रात मी तिच्या घरी गेले. लग्नांचे दिवस, आणि ती अंगणात नागली पाखडत बसलेली. रूपजी खाटेवर. मी विचारलं, "मावशी, आज लग्न नाही कुठे?"

रूपजी म्हणाला, "लग्न हाय. धवलेरी दुसरी हाय. आमची घरातच गाते, माना फुकटचं ऐकायला मिळतं." हसला तो एकटाच.

शेजारच्या गावातल्या लग्नाला तिला सांगून ठेवलेलं होतं, नंतर 'येऊ नको' असा निरोप आला. नवऱ्यामुलाचा बाप जेठ्या, शहाणासुरता माणूस. मी तावातावाने त्याच्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "बारकीनं चोरी नाय केली, माना ठावं हाय. पण तिचं नाव चार लोकांत चोर म्हणून गेलं. ते त्याच चार लोकांत परत आलं पाहिजे. तोवर तिच्या तोंडानं देवाचं नाव कसं घ्यावं? उद्या नवरीला काही झालं तर लोक तिलाच बोलतील."

मी परत येऊन बारकीबाईला म्हटलं, "पोलिसांचा कागद आणून देते."

बारकीबाई म्हणाली, "कागद कोणाला ऐकू येतो?"

"मग तुमच्या गावात सभा घेते. मी सांगते सगळ्यांना."

"बाय, इथं माना कोण चोर म्हटला? इथं कशाला सांगतेस? जिथं बोलले तिथं सांग."

तिचं म्हणणं कोणत्याही कोर्टापेक्षा साधं आहे. आरोप ज्यांच्या कानावर गेला, त्यांच्याच कानावर तो मागे घेतला पाहिजे. अरुणभाई मला म्हणाले होते की पुढच्या हिवाळ्यात पहिल्या गाण्याआधी सांगू. आता कळतं की बँड मोडला, गाणारा मुलगा दुबईला गेला, आणि किनाऱ्यावर कार्यक्रम होणार नाही. म्हणजे ती गर्दी पुन्हा जमायची नाही. पाकीट मारलं गेलं तर चोर धरून परत मिळतं. हे कसं मिळवायचं?

मी बसून आठवत गेले, त्या दिवशी खुर्च्यांवर कोण होतं. शाळेतले गुरुजी आणि बाई. रेल्वेतली माणसं, माझ्या वडिलांचे मित्रसुद्धा. बँकेतले, तहसीलमधले, दवाखान्यातले. तिकीट काढून खुर्चीवर बसणारी डहाणूची पगारदार घरं. आणि हा दिवाळी अंक कोण घेतं? हीच घरं. संपादकांनी मागितला तो लेख मी कबूल केला तो याच हिशेबाने, हे त्यांनाही आता छापताना कळेल. त्यांनी तरीही छापला तर त्यांचे आभार.

तेव्हा तुमच्याशीच बोलते. तुम्ही माईकवरचं ऐकलंत. कोणी टोपली उपडी केलीत, कोणी बोट दाखवलंत, बहुतेकांनी फक्त मान वळवलीत. तुम्ही वाईट माणसं नाही आहात. तुमच्यातल्या कित्येकांना मी हाताला धरून बनातून बाहेर काढलं आहे. घरी जाऊन तुम्ही हे विसरलात, आणि तिकडे एका बाईचं गाणं बंद झालं. येत्या लग्नसराईतही तिला कोणी बोलावलं नाही, तर पुढे कधीच बोलावणार नाही. लोक दुसऱ्या धवलेरीची सवय करून घेतात.

जेठ्याला मी विचारून घेतलं आहे. "तिथली माणसं आली, भोंग्यावर बोलली, मी कानांनी ऐकलं, की झालं," तो म्हणाला. त्याच्या धाकट्याचं लग्न फाल्गुनात आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी बारकीबाई नेहमीप्रमाणे टोपली घेऊन डहाणू स्टेशनाबाहेर बसणार आहे. जेठ्या तिच्याशेजारी असेल. नरपडला लावलेलाच भोंगा, त्याच मालकाकडून, आम्ही रिक्षावर बांधून आणणार आहोत. तो भाडं घेत नाही म्हणाला. अरुणभाईंना मी सांगितलं आहे, ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कारकुनांना निरोप दिला आहे.

जे त्या संध्याकाळी किनाऱ्यावर होते, त्यांनी यायचं. करांदे घेतले नाहीत तरी चालेल. भाषण नको, हार नको. एकेकाने माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचं: मी नरपडला होतो, बारकीबाईने चोरी केली नाही. बायकांनी म्हणायचं: मी नरपडला होते, बारकीबाईने चोरी केली नाही. एवढंच वाक्य. या, आणि ते मोठ्याने म्हणा.